आजीचं गोंदण, माझा सेल्फ पोर्ट्रेट आणि एक धोतर: प्रकल्प नोंदी

२७ एप्रिल

आजोबा गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा धड फोटो नव्हता. चुलत बहिणीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून घेतला, स्टुडिओवाल्याने मागे निळं आकाश लावलं आणि डाव्या खांद्यावर कुणाचातरी हात तसाच राहिला, बांगड्यांसकट. हात कुणाचा यावर अजून वाद आहे, काकू म्हणते माझा नाही. तोच फोटो आता हॉलमध्ये हारात आहे. परवा आजी त्याच्याखाली लसूण सोलत बसली होती, वर न बघताच म्हणाली, "माझा आत्ताच काढून ठेव बाई, न्हाईतर मलाबी कुणाच्यातरी लग्नातनं कापून लावशीला."

तर हा प्रकल्प. आजीचा एक नीट पोर्ट्रेट, आणि त्याच्याबरोबर माझा पण एक, कारण कॅमेरा कायम माझ्याच हातात असल्यामुळे गेल्या सहा वर्षांत माझा एकही फोटो नाही, आहेत ते सगळे हात लांब करून काढलेले सेल्फी, नाक पुढे आणि कान गायब.

सामान: कॅननचा सेकंडहँड २०० डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स, वेगळी घेतलेली ५० एमएम एफ १.८ (एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त), मित्राचा ट्रायपॉड (परत द्यायचाय), एक जुना मॅन्युअल फ्लॅश. खोली १० बाय १२ फूट, उत्तरेला खिडकी, भिंती पांढऱ्या, एक सोडून, ती पिस्ता कलरची. नियम एकच, नवीन काही विकत घ्यायचं नाही. बघू किती दिवस टिकतो.

१ मे

सगळीकडे वाचलं की पोर्ट्रेटला उत्तरेच्या खिडकीचा उजेड सगळ्यात चांगला, सूर्य तिकडे येत नाही म्हणून दिवसभर एकसारखा आणि मऊ. जुन्या काळच्या स्टुडिओंना म्हणे छताला उत्तरेकडे काचा असायच्या. मी खुश, आपल्याकडे उत्तरेचीच खिडकी. सकाळी सातला आजीला स्टुलावर बसवलं तर तिच्या गालावर उन्हाची एक कडक तिरीप, पट्टी ओढल्यासारखी.

मग डोकं खाजवलं. तो सल्ला लंडन-पॅरिसवाल्यांचा आहे, आम्ही कोल्हापुरात. इथे मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली दिवस म्हणतात तो, आणि त्यानंतर थेट ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो. सकाळ-संध्याकाळी तर मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत तो उत्तरेकडे कललेलाच उगवतो आणि मावळतो. वर मोबाईलचं होकायंत्र लावून बघितलं तर खिडकी उत्तरेला नाहीच, चांगली वीस अंश ईशान्येकडे. बिल्डरने उत्तर म्हणून विकली होती. (आईला सांगितलं तर म्हणाली ईशान्य जास्त चांगली असते. असू दे, पण फोटोला नाही.)

म्हणजे एकतर दहानंतर शूट करायचं किंवा खिडकीला पडदा हवा, पांढरा आणि पातळ.

४ मे

पडदा मिळाला. ट्रंकेत आजोबांची तीन धोतरं आहेत, सुती, धुऊन धुऊन अगदी तलम झालेली. एक काढलं आणि कपडे वाळत घालायचा स्टँड खिडकीसमोर उभा करून त्यावर दुहेरी टाकलं. उन्हाची तिरीप धोतरावर पडली आणि अख्खं धोतरच दिवा झालं. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. ऊन तेच, खिडकी तीच, पण आधी उजेड येत होता आकाशातल्या एका ठिपक्यातून आणि आता येतोय चार फूट बाय तीन फुटाच्या कापडातून, चेहऱ्याला तो सगळ्या बाजूंनी वळसा घालतो, नाकाच्या सावलीची कड विरघळून जाते. उजेड मऊ की कडक हे दिव्याच्या ताकदीवर नसतं, चेहऱ्याकडून बघितलं तर दिवा केवढा दिसतो त्यावर असतं. सूर्य प्रचंड मोठा आहे पण इतका लांब की आपल्याला रुपयाएवढा दिसतो, म्हणून कडक. म्हणून स्टँड जेवढा जवळ ओढावा तेवढं बरं, फ्रेममध्ये येईस्तोवर ओढायचा.

आजी आली, स्टँडकडे बघत उभी राहिली.

"त्यांचं धोतर हाय न्हवं ते?"

मी म्हटलं हो, घडी घालून परत ठेवते. तिने कापडाचा काठ दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाली, "नीळ जास्त झालीया. मीच घालत हुतो." आणि बसली स्टुलावर.

नीळ खरंच जास्त झालेली. फोटो कॉम्प्युटरवर बघितले तर चेहरा गार पडलेला, ओठ जांभळट. ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाचा रंग ओळखून पांढरं ते पांढरं ठेवायची कॅमेऱ्याची सोय) ते काही जमलं नाही. उद्यापासून धोतराच्या उजेडातच ग्रे कार्डचा (करड्या रंगाचा पुठ्ठा) एक फोटो आधी काढायचा आणि त्यावरून बॅलन्स लावायचा. रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग बदलता येतो अशा कच्च्या फाइलमध्ये काढलंय म्हणून निभावलं.

११ मे

आज मुद्द्याचं. आजीच्या कपाळावर मधोमध गोंदण आहे, एक बारीक उभी रेघ आणि खाली ठिपका, हनुवटीवर तीन ठिपके. सात-आठ वर्षांची असताना जत्रेत गोंदवून घेतलेलं, रडली होती म्हणते. रंग आता हिरवट निळा, आणि आजी चांगली सावळी, त्यामुळे समोर बसलं की दिसतं पण फोटोत मात्र कधीच येत नाही. घरातले जुने फोटो काढून बघितले, एकातही नाही, कपाळ एकदम कोरं. म्हणजे हा फोटो जमला की नाही ते कशावरून ठरवायचं, तर गोंदण दिसतंय का यावरून. बाकी सगळं नंतर.

पहिली चूक लगेच सापडली. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे काही आहे त्याची सरासरी करड्या रंगाला आणून ठेवतं, आणि माझ्या फ्रेममध्ये अर्धी जागा पांढरी भिंत. त्याला वाटलं केवढा उजेड आहे, त्याने सगळंच दाबलं, आजी काळी पडली आणि गोंदण त्या काळ्यात बुडालं. मग मी शहाणपणा करून दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवले तर कपाळ चकाकलं आणि गोंदण धुऊन निघालं. शेवटी स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्यापुरतं मोजणं) लावून गालावर मोजलं, तो आकडा मॅन्युअलला पक्का केला आणि भिंतीकडे लक्षच दिलं नाही. सावळ्या चेहऱ्याला त्या आकड्यापेक्षा अर्धा स्टॉप कमीच बरा वाटतो, त्वचेची खोली राहते. अंधारा वाटला तर उजेडाची जागा बदलायची, एक्स्पोजर वाढवत सुटायचं नाही.

१२ मे

ट्रायपॉड परत मागितला. दिला नाही.

१८ मे

संध्याकाळी सवड मिळते, खिडकीत तेव्हा काही नसतं, म्हणून टेबल लॅम्पमध्ये एलईडी बल्ब लावून धोतरामागे ठेवला. दोन भानगडी झाल्या.

एक म्हणजे १/२५० सेकंदाच्या शटरला काढलेल्या दहा फोटोंत दहा वेगळे उजेड, काहींत आडवा गडद पट्टा. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्तातला बल्ब सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो, डोळ्याला कळत नाही पण शटरला कळतं. १/१०० किंवा १/५० वर आणलं की एक अख्खी मिणमिण प्रत्येक फोटोत सापडते आणि उजेड सारखा येतो. गेलं वर्षभर लेन्स खराब आहे म्हणून मी तिला शिव्या घालत होते.

दुसरी भानगड जास्त त्रासाची. एक्स्पोजर बरोबर, व्हाइट बॅलन्स बरोबर, तरी आजी राखेसारखी दिसते आणि गोंदण पुसट. खोक्यावर लिहिलेलं, सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० च्या वर. मग कळलं की तो सीआरआयचा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, त्यात गडद लाल नसतोच, त्याचा आकडा वेगळा असतो, आर ९ म्हणतात, आणि तो खोक्यावर सहसा कुणी छापत नाही. आपल्या कातडीतला जिवंतपणा सगळा लालमध्ये. आणि गोंदण हिरवट निळं, म्हणजे तेही लाल उजेडातच उठून दिसणार, कातडी लाल परत फेकते आणि गोंदण गिळतं. बल्बमध्ये लालच कमी असेल तर दोघं सारखेच मळकट. मेकअपच्या आरशाचे बल्ब बदलून बघा असं बारक्याने, म्हणजे धाकट्या भावाने सुचवलं, आमच्याकडे मेकअपचा आरसा आहे असं त्याला का वाटतं माहीत नाही. माळ्यावर एक जुना पिवळा १०० वॉटचा बल्ब सापडला, फिलामेंटवाला, घरात ढीगभर उष्णता करणारा. तो लावला. लाल भरपूर. व्हाइट बॅलन्स २८०० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा) आसपास आणला आणि कपाळावरची रेघ आली. धोतर मात्र बल्बपासून हातभर लांब ठेवायचं, तापतं. आज जरासा वास आला तेव्हा पळत जाऊन बंद केला, आजीला सांगितलेलं नाही.

२५ मे

चष्मा. आजी चष्म्याशिवाय बसायला तयार नाही, "त्याबिगर मी आंधळी दिसते." आणि चष्म्यात दोन पांढरी धोतरं. गंमत अशी की उजेड मऊ करायला धोतर मोठं आणि जवळ हवं, पण जेवढं मोठं तेवढं काचेत हमखास दिसणार, दोन्ही गोष्टी एकमेकींच्या उरावर. कॅरमचा हिशोब आहे, ज्या कोनात आदळतं त्याच कोनात परत येतं, परत येताना कॅमेरा वाटेत असला की संपलं. तासभर खटपट केल्यावर जे जमलं ते असं: स्टँडखाली दोन पाट आणि वर्षभराच्या रद्दीचे गठ्ठे देऊन धोतर वर उचललं, खालची कड तिच्या कपाळाच्या पातळीला आणली, थोडं जास्त बाजूला नेलं, हनुवटी एक बोटभर खाली, आणि चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचलून ठेवल्या, काचा त्यामुळे खाली कलतात आणि धोतराऐवजी तिच्या लुगड्याचं प्रतिबिंब पकडतात. समोरून बघणाऱ्याला काड्या उचललेल्या कळत नाहीत. आजीला कळतात, ती दर दोन मिनिटांनी बसवते.

दिवा वर नेल्यावर डोळ्यांच्या खोबणी अंधारात गेल्या, मग टीव्हीच्या खोक्यातलं थर्मोकोल तिच्या मांडीवर ठेवलं. वरून धोतर, खालून थर्मोकोल. बुबुळात उजेडाचा ठिपका आला. तो ठिपका नसला की माणूस फोटोत असून नसल्यासारखा वाटतो.

१ जून

माझी पाळी. सेल्फ पोर्ट्रेटमध्ये सगळ्यात अवघड काय असेल तर फोकस, कारण फोकस करायच्या वेळी मी तिथे नसते आणि मी तिथे असते तेव्हा फोकस करायला कुणी नसतं. एफ १.८ ला एक मीटरवरून काढला तर जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरची खोली फोकसमध्ये, म्हणजे पापणी धारदार आणि कान धुकट, आणि श्वास घेतला तरी पापणी पण गेली. चाळीस फोटो काढले, त्यात माझी वेणी अप्रतिम आलीय.

जगातला पहिला मानला जाणारा फोटोग्राफिक सेल्फ पोर्ट्रेट १८३९ चा, फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसचा, त्यांच्या घरचा धंदा दिव्यांचा. तो बाहेर अंगणात भर उजेडात बसला, कारण तेव्हाच्या प्लेटला काही मिनिटं लागायची आणि आतल्या उजेडात ते शक्यच नव्हतं. त्या फोटोत तो मधोमध पण नाही, जरा बाजूला सरकलेला आहे, केस विस्कटलेले. तो फोटो बघून बरं वाटतं, म्हणजे फ्रेमच्या बाहेर जाणं ही पावणेदोनशेहून जास्त वर्षं जुनी परंपरा आहे. आपल्याकडे चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमराव सिंग यांनी वर्षानुवर्षं स्वतःचेच फोटो काढले, कधी पुस्तकात बुडालेले, कधी नुसते बसलेले, आणि त्यांना बघून कुठेच वाटत नाही की हा माणूस आत्ताच पळत येऊन बसलाय. ते कसं साधायचं ते अजून कळलं नाही मला, माझ्या प्रत्येक फोटोत १० सेकंद धावल्याचं तोंड आहे.

८ जून

सुधारणा. झाडू उलटा करून बादलीत उभा केला, माझ्या डोळ्यांच्या उंचीला त्याला रुमाल बांधला, रुमालावर वर्तमानपत्राचा तुकडा लावला (अक्षरांवर फोकस पटकन बसतो), फोकस केलं, लेन्स मॅन्युअलला टाकली, जमिनीवर स्टुलाच्या चारही पायांना चिकटपट्टी. मग झाडू काढून मी. एफ ५.६, दीड मीटर, आता जवळपास वीतभर खोली मिळते, थोडं हललं तरी चालतं. टायमरच्या ऐवजी मोबाईलच्या ॲपवरून क्लिक, मोबाईल मांडीखाली, आणि २ सेकंदांचा उशीर म्हणजे हात लपवायला वेळ.

अंतराचं पण एकदा तपासून टाकलं, टेप लावून. माझ्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटीमीटर. सेल्फीत मोबाईल नाकापासून ३० वर, म्हणजे कान ४२ वर, कान नाकापेक्षा दीडपटीच्या जवळपास लांब, म्हणून तेवढे बारीक दिसतात. दीड मीटरवरून तोच फरक १५० आणि १६२, काहीच नाही. लोक म्हणतात वाइड लेन्स चेहरा बिघडवते, लेन्स बिचारी काही करत नाही, वाइड असली की आपण फ्रेम भरायला जवळ जातो आणि जवळ गेल्यानं बिघडतो. १८ ला आणि ५० ला एकाच जागेवरून काढून, १८ वाला कापून शेजारी ठेवला, नाक तेच, कान तेच.

१५ जून

पाऊस. आभाळ म्हणजेच एक मोठं धोतर झालंय, खिडकीला काहीच लावायला नको. पण उजेड इतका कमी की एफ २.८, १/८० आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती जागा ते) १६००.

बारक्या बसला आज, पाच मिनिटांच्या बोलीवर. त्याला नाट्यमय हवं होतं. पाठीमागे पांढरी भिंत, आणि मला काळा बॅकग्राउंड हवा, काळं कापड नाही. इथे तो अंतराच्या वर्गाचा नियम कामाला आला, शाळेत पाठ केला होता आणि पेपरात लिहिला होता, तेवढाच. दिवा दुप्पट लांब गेला की उजेड पाव होतो. बल्ब बारक्याच्या तोंडापासून ६० सेंटीमीटरवर आणला, भिंत बल्बपासून २ मीटर ४० वर, म्हणजे चौपट, म्हणजे भिंतीवर सोळावा हिस्सा, चार स्टॉप कमी. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर लावलं आणि पांढरी भिंत गडद कोळशासारखी. खोलीतली बाकी लाईट बंद, पडदे ओढलेले, हे महत्त्वाचं, नाहीतर भिंतीला दुसरीकडून उजेड मिळतो. उलट बारक्याला भिंतीला टेकवून दिवा लांब नेला की भिंत परत पांढरी. एकच भिंत, एकच बल्ब. मी गेल्या दिवाळीत काळा पडदा विकत घेणार होते, आठशे रुपयाला.

दिवा डावीकडे ४५ अंश आणि तेवढाच वर ठेवला, उजव्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा तो त्रिकोण पडला, डच चित्रकाराच्या नावावरून रेम्ब्रांट म्हणतात तो, नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळाली की पडतो, नाही मिळाली तर नुसती गोल सावली. बारक्याने लगेच डीपी बदलला.

२२ जून

रेम्ब्रांटची नशा चढली म्हणून आजीवर पण केला. मला विचाराल तर आजवरचा सगळ्यात सुंदर फोटो, सुरकुत्या सगळ्या उठून आलेल्या, अर्धा चेहरा अंधारातून बाहेर येतोय, लुगड्याचा काठ चमकतोय. मोठ्या स्क्रीनवर दाखवला.

"अर्ध्या तोंडाला काळं कशाला फासलंयस?"

मी समजवायला गेले, सावली, खोली, वगैरे. ती म्हणाली, "देवळात मूर्तीवर सावली पडत्या का? समोर समई लावत्यात." आता याला काय उत्तर द्यायचं. मग लक्षात आलं की गावातल्या जुन्या स्टुडिओतले फोटो असेच समोरून सपाट उजेडाचे असायचे, गिऱ्हाईकाला दोन्ही कान आणि दोन्ही डोळे मोजून हवे असायचे, आणि हाराच्या फोटोला तर हवेतच. माझा अर्ध्या चेहऱ्याचा फोटो ड्राइव्हवर राहील. वरून धोतर खालून थर्मोकोल हेच आजीचं, ते पक्कं.

६ जुलै

फ्लॅश काढला, कारण आठवडाभर सूर्य नाही आणि १०० वॉटचा बल्ब उडाला. (तसले आता दुकानात मिळेनात.)

पहिला फोटो ट्रिगर लावून, १/३२०, खालच्या पट्टीत आजी अर्धी गायब. या कॅमेऱ्याचा सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारं सगळ्यात जलद शटर, १/२०० चा, त्याच्या वर गेलं की शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आधीच दुसरा पडदा निघतो आणि फ्लॅश पेटतो तेव्हा फ्रेम पूर्ण उघडीच नसते. १/२०० च्या खाली शटर कितीही हलवा, फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही कारण फ्लॅश त्याच्यापेक्षा कितीतरी भुर्रकन येऊन जातो, शटरने फक्त खोलीतला उजेड कमी-जास्त होतो. म्हणजे एका फोटोत दोन वेगळे नळ आहेत, शटरचा खोलीसाठी आणि ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या भोकाचा, फ्लॅशसाठी (ॲपर्चरने खोलीचाही होतो, हे विसरून अर्धा तास घालवला).

फ्लॅश भिंतीवर मारून परतीचा उजेड घ्यावा असं ठरवलं आणि जवळची भिंत कुठली तर पिस्ता. आजी हल्कसारखी हिरवी. व्हाइट बॅलन्सने थोडं सुधारतं पण सावलीच्या बाजूला खिडकीचा उजेड, तो गुलाबी होतो मग. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मारला, धोतर आडवं धरलं, ठीक झालं. आणि एक चांगली बातमी, फ्लॅशच्या उजेडात लालची कमतरता नाही, गोंदण स्वच्छ.

१३ जुलै

आज एकच फोटो. संध्याकाळी लाईट गेली, आजी देवघरात निरांजन लावत होती, कॅमेरा जवळच होता. एफ १.८, १/६०, आयएसओ ३२००. व्हाइट बॅलन्स पूर्ण दुरुस्त केला नाही, ज्योतीचा उजेड २००० केल्व्हिनच्या आसपास असतो, तो पांढरा केला तर निरांजन ट्यूबलाईट वाटतं, म्हणून ३००० वर सोडला. उजेड खालून, जो पोर्ट्रेटमध्ये कधी वापरू नये म्हणतात, भुतासारखा येतो. नाही आला. ज्योत खाली दिसते आहे ना फोटोत, मग डोळा मान्य करतो.

हा फोटो कुणाला दाखवलेला नाही.

२० जुलै

शेवटची बैठक. अकरा वाजता, ढगाळ, खिडकीचा उजेड, वर धोतर, मांडीवर थर्मोकोल, ५० एमएम, एफ ४, १/१२५, आयएसओ ८००. आजीने ठेवणीतलं हिरवं इरकली नेसलं, पदर डोक्यावरून. बोलत ठेवलं तिला. हस म्हटलं की हसत नाही, पण गोंदवणारीची नक्कल कर म्हटल्यावर जी काय सुरू झाली. एकशे साठ फोटो. त्यातला १०७ नंबरचा, नक्कल संपवून तोंड मिटतामिटताचा, तो तिनेही धरला आणि मीही.

मग ब्लॅक अँड व्हाइट पण करून बघितला आणि इथे खरी मजा. नुसता रंग काढून टाकला तर गोंदण आणि कातडी एकाच करड्यात. पण एडिटिंगमधल्या रंगांच्या पट्ट्यांमध्ये लाल आणि केशरी वर नेला, निळा-हिरवा खाली, तर कातडी उजळली आणि गोंदण काळंभोर, आत्ता गोंदवल्यासारखं. याच्या उलट झालं होतं जुन्या काळी. काचेच्या ओल्या प्लेटवर फोटो काढायचे तेव्हा ती प्लेट निळ्याला जागी असायची आणि लालला आंधळी, न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या चेहऱ्यावरचं गोंदण त्या फोटोंत पुसट होऊन जायचं, कधी जवळपास नाहीसंच. माणूस समोर बसलाय, गोंदण चेहराभर, आणि काचेवर कोरा चेहरा. आमच्या घरातले जुने फोटो ओल्या प्लेटचे नाहीत, तिथे नुसता समोरून भसकन मारलेला फ्लॅश आणि जास्तीचं एक्स्पोजर, पण कपाळ दोन्हीकडे कोरंच.

२७ जुलै

प्रिंट आली आणि माझं डोकं फिरलं. बारा बाय अठराची, मॅट पेपरवर, चांगला कागद. पण लॅबवाल्याने न विचारता चेहरा दोन शेड उजळ केलाय आणि गोंदण साफ पुसलंय. कपाळ गुळगुळीत, हनुवटी गुळगुळीत. फोन केला तर ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, कपाळावर डाग होते ते क्लीन करून दिलेत, त्याचे वेगळे पैसे नाही लावले."

आजीने प्रिंट हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"ही कोण?"

मग बोट कपाळाला लावून म्हणाली, "वर जाताना दुसरं काय संगट येत न्हाई, गोंदण तेवढं येतं. तेच खोडलंय त्यानं."

पुन्हा पाठवलं. या वेळी ऑर्डरमध्ये मोठ्या अक्षरात, काहीही करेक्शन करू नये, चेहरा उजळ करू नये, कपाळ व हनुवटीवर गोंदण आहे, डाग नाही. आणि स्वतः जाऊन स्क्रीनसमोर उभी राहिले.

६ ऑगस्ट

दुसरी प्रिंट बरोबर आहे. जराशी गडद वाटते घरातल्या ट्यूबलाईटखाली, माझा स्क्रीन फार उजळ ठेवलेला असतो त्यामुळे, पुढच्या वेळी ब्राइटनेस अर्ध्यावर आणून मगच एडिट करायचं. आजीने फ्रेम करून घेतली आणि भिंतीवर लावू दिली नाही, ट्रंकेत ठेवली आहे, धोतराच्या घड्यांवर. दोनच घड्या. तिसरं धोतर मला अजून लागतंय.

कारण माझा फोटो राहिलाय. झाडू-बादलीवर आजीचा विश्वास नाही, "केरसुणीला तोंड समजतीस व्हय" म्हणते, आणि आज ती स्वतः माझ्या जागी स्टुलावर बसली फोकस करायला. मी कॅमेऱ्यामागे गेले तर डोळा फार खाली, आजी माझ्यापेक्षा चांगली वीतभर ठेंगणी. तिच्याखाली दोन पाट आणि रद्दी दिली. फोकस बसला. मग तिला उतरवून मी बसले, पाट काढायचे विसरले, पहिल्या सहा फोटोंत डोकंच नाही.

सातव्यापासून आजी कॅमेऱ्याशेजारी उभी होती. मोबाईल तिच्याकडे दिलाय, कुठे दाबायचं ते लाल टिकली लावून दाखवलंय. दाबायच्या आधी दर वेळी ओरडते, "चष्मा वर कर." मी चष्मा लावत नाही. पण हसू येतं आणि तेवढ्यात ती दाबते. चौऱ्याऐंशी झालेत, अजून कॉम्प्युटरवर घेतलेले नाहीत.